पाहायला गेलेले आणि जगायला गेलेले : रशियन शहरांतली मराठी माणसं

(जव्हार येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



जव्हारमध्ये रशियातल्या शहरांवर व्याख्यान आहे हे ऐकून काही जणांना नवल वाटलं असेल. खरं तर या डोंगरांना रशिया हे नाव नवीन नाही. १९४५ मध्ये शेजारच्या तलासरी-डहाणूकडे वारली उठले, वेठबिगारी आणि लगीनगडी ही पद्धत मोडून काढायला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात लाल बावटा होता. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. गोदावरीबाईंनी पुढे त्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हा तो बावटा ज्या देशातून आला तो देश कसा आहे, तिथली शहरं कशी आहेत, हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत कुणी ना कुणी विचारला असणारच.

आजचा विषय तोच आहे. रशियन शहरात परका माणूस गेला, तर त्याला काय दिसतं? आणि परका माणूस म्हणजे आपला, मराठी माणूस.

सुरुवातीला आपल्याच बोलीतला एक शब्द घेतो. दसरा-दिवाळी झाली, भाताची आणि नागलीची कापणी-झोडणी उरकली, की इथल्या पाड्यांवरून माणसं निघतात. भिवंडी, वसई, वीटभट्ट्या, नाशिककडचे द्राक्षमळे. त्याला आपण काय म्हणतो? ‘जगायला गेले.’ फिरायला गेले असं कुणी म्हणत नाही. शहर पाहायला जाणं वेगळं आणि शहरात जगायला जाणं वेगळं. पाहायला गेलेल्याला रस्ता दिसतो. जगायला गेलेल्याला त्या रस्त्यावर रात्री झोपायला जागा आहे का, ते दिसतं. हा फरक आज शेवटपर्यंत धरून ठेवू, कारण रशियाविषयी मराठीत जे लिहिलं गेलं ते समजून घ्यायला तो फार उपयोगी आहे.

आधी उलटा प्रवास

मराठी माणूस रशियात जाण्याच्या पुष्कळ आधी एक रशियन माणूस आपल्याकडे आला होता. अफानासी निकितीन. व्होल्गेच्या काठावरच्या त्वेर शहराचा व्यापारी. वाटेत अस्त्राखानजवळ लुटला गेला. रिकाम्या हाताने घरी परतलं तर कर्जदार धरतील, म्हणून पुढेच जात राहिला. इराणातून, होर्मुजवरून घोडा घेऊन १४६९ च्या सुमारास तो चौलला उतरला. तिथून पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला. म्हणजे जव्हारहून फार लांब नाही, याच सह्याद्रीत तो वावरला.

त्याने लिहून ठेवलंय की मी जिथे जाईन तिथे लोक माझ्यामागे गर्दी करतात, गोऱ्या माणसाचं त्यांना आश्चर्य वाटतं. आपला पावसाळाही त्याने पाहिला. चार महिने पाणी आणि चिखल, असं त्याचं वर्णन आहे. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, आमचा धर्म स्वीकार, तर परत देतो. खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने मध्यस्थी केली म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. त्याची धर्माची पुस्तकं लुटीत गेली होती, त्यामुळे ईस्टर कधी येतो, उपास कधी धरायचे, याचा हिशोबच त्याला लागेना. ते दुःख त्याने पुन्हा पुन्हा लिहिलंय. पुढे बिदरकडे राहून तो दाभोळहून परत निघाला आणि घरी पोचायच्या आधीच, स्मोलेन्स्कच्या आसपास वारला. मागे राहिली ती वही. तीच ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखली जाते.

निकितीनला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्यासोबत दुभाषा नव्हता, त्याला काय दाखवायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. त्याच्या वहीत सगळं येतं: घोड्याचा चारा, बायकांची केशरचना, बाजारातले भाव, त्याला वाटलेली भीती. आता या वहीशेजारी मराठी माणसांनी पाहिलेला रशिया ठेवून बघू.

१९२१ : पांडुरंग खानखोजे आणि भुकेलेला देश

वर्ध्याकडचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. १९२१ मध्ये बर्लिनच्या भारतीय क्रांतिकारकांचा एक गट मॉस्कोला गेला. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त, अॅग्नेस स्मेडली आणि आपले खानखोजे. क्रांती झालेल्या देशाकडून भारताच्या स्वातंत्र्याला मदत मिळेल, ही आशा.

त्या वर्षीचं मॉस्को कसं होतं? यादवी युद्ध नुकतंच संपत आलेलं. व्होल्गेच्या खोऱ्यात भयंकर दुष्काळ पडलेला. त्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसं मेली असं इतिहासकार मानतात. आणि मॉस्कोत परदेशी प्रतिनिधींसाठी लुक्स नावाचं हॉटेल. तिथे राहायला खोली, जेवायला शिधा. पाहुण्याची सोय यजमान स्वतः उपाशी राहून करतो, हे आपल्याला परकं नाही. पण त्यामुळे पाहुण्याला घरातली खरी परिस्थिती कळेलच असं नाही.

या मंडळींचे महिने वाट बघण्यात गेले. भारताचं प्रतिनिधित्व कुणी करायचं यावरून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गटाशी वाद झाला. दत्तांनी लेनिनला एक टिपण पाठवलं. ऑगस्टमध्ये लेनिनचं चार ओळींचं उत्तर आलं: सामाजिक वर्गांची चर्चा पुरे, भारतात शेतकऱ्यांच्या संघटना असतील तर त्यांची आकडेवारी गोळा करा. म्हणजे हे मदत मागायला गेले आणि लेनिनने त्यांना त्यांच्याच शेतकऱ्याविषयी प्रश्न विचारला!

खानखोजे रिकाम्या हाताने परतले. पण पुढे ते मेक्सिकोला गेले, शेतीशास्त्राचे प्राध्यापक झाले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. लेनिनच्या त्या उत्तरामुळेच ते शेतीकडे वळले असं मी म्हणणार नाही. शेतीचा अभ्यास त्यांनी अमेरिकेत आधीच केला होता. पण मॉस्को पाहून आलेला हा क्रांतिकारक पुढचं आयुष्य भाकरीच्या प्रश्नावर काम करत राहिला, एवढं मात्र खरं.

धुकं आणि तारा

यानंतरचा टप्पा थोडक्यात सांगतो. १९४० मध्ये अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ प्रसिद्ध झालं. मराठी प्रवासवर्णनाचा चेहरा या पुस्तकाने बदलला. नावातच सगळा आशय आहे: धुकं पश्चिम युरोपचं, तारा मॉस्कोचा. क्रेमलिनच्या मनोऱ्यांवर काचेचे लाल तारे बसले ते १९३७ मध्ये. मॉस्कोची भुयारी रेल्वे १९३५ ला सुरू झाली होती, आणि परदेशी पाहुण्यांना ती आवर्जून दाखवत. त्याच शहरात १९३६ ते १९३८ या काळात मोठे खटले चालले, जुन्या क्रांतिकारकांनाच देशद्रोही ठरवून गोळ्या घातल्या गेल्या. रात्री दारावर थाप पडली की माणूस नाहीसा व्हायचा. शहर एकच, पण त्यातलं स्टेशन पाहुण्याला दिसत होतं, आणि दारावरची थाप फक्त तिथे राहणाऱ्याला ऐकू येत होती.

१९६१ : अण्णाभाऊ

आता मुख्य माणसाकडे येऊ. अण्णाभाऊ साठे. जन्म १९२०, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. मातंग समाजातलं घर. शाळा जवळपास नाहीच. लहानपणी कुटुंबासोबत पायी चालत मुंबईला आले. कशाला आले? जगायला. इथल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मग माटुंग्याची लेबर कॅम्प, गिरणी, मिळेल ते काम. आणि त्यातच अक्षरओळख, वाचन, चळवळ. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

त्याच्याही आधी, १९४३ च्या सुमारास, त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला. जरा विचार करा. मुंबईतल्या झोपडीत राहणारा विशी-बाविशीतला तरुण, व्होल्गेच्या काठावरच्या, कधी न पाहिलेल्या शहरावर डफाच्या तालात पोवाडा गातो. पोवाडा हा आपल्याकडे सिंहगडाचा, अफझलखान वधाचा. अण्णाभाऊंनी तो एका रशियन शहराला दिला. कारण स्टालिनग्राडची लढाई घराघरात, कारखान्याच्या एकेका मजल्यासाठी झाली. २ फेब्रुवारी १९४३ ला तिथे जर्मन फौज शरण आली. गिरणीतल्या कामगाराला हे कळत होतं की ते शहर वाचवणाऱ्यांत आपल्यासारखे कामगारही होते.

आणि मग १९६१ मध्ये, भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संघाच्या वतीने, अण्णाभाऊ प्रत्यक्ष रशियाला गेले. तेव्हा ते घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहत होते. दोनच वर्षांपूर्वी ‘फकिरा’ आली होती. मॉस्को, लेनिनग्राड आणि ते पोवाड्यातलं स्टालिनग्राड त्यांनी पाहिलं. परत येऊन ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिलं. मराठीतलं हे पहिलं दलित प्रवासवर्णन मानलं जातं.

योगायोग बघा, ते गेले त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडचं नाव बदलून व्होल्गोग्राद केलं गेलं. पोवाड्यातलं नाव नकाशावरून गेलं.

या पुस्तकावर एक आक्षेप नेहमी येतो. हा सगळा प्रचार आहे, अण्णाभाऊ पाहुणे होते, त्यांना चांगलं तेवढंच दाखवलं, त्यांनी तेवढंच लिहिलं. या आक्षेपाला मी टाळणार नाही. त्यात तथ्य किती आणि अन्याय किती, हे नीट पाहू.

काय दिसलं?

अण्णाभाऊ रशियात पाहायला गेले होते, पण त्यांची नजर मुंबईत जगायला आलेल्या माणसाची होती. लिहिताना इमारतींपेक्षा ते माणसांपाशी जास्त थांबतात. कामगार राहतो कुठे, पोरं खातात काय, बाई एकटी रस्त्याने जाते का. हा माणूस स्वतः निवाऱ्यासाठी झगडलेला. त्याला सजवलेला देखावा आणि खरं घर यांतला फरक कळत नसेल, असं मानणं हा शिकलेल्यांचा अहंकार आहे.

आणि तेव्हा तिथे खरोखर काही घडत होतं. १९५७ पासून ख्रुश्चेव्हच्या सरकारने पाच मजली इमारतींची प्रचंड बांधणी सुरू केली होती. कारखान्यात भिंती ओतायच्या आणि जागेवर आणून जोडायच्या. त्याआधी लाखो कुटुंबं ‘कम्युनाल्का’त राहायची. म्हणजे एका मोठ्या घरात पाच-सहा कुटुंबं, प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकघर सामाईक, संडास सामाईक. थोडक्यात, रशियन चाळ. त्या चाळीतून निघून स्वतःच्या नळाच्या, स्वतःच्या मोरीच्या घरात जाणं म्हणजे काय, हे चिरागनगरच्या माणसापेक्षा चांगलं कोण ओळखणार?

लेनिनग्राडचं घ्या. जर्मनांनी त्या शहराला ८७२ दिवस वेढा घातला होता. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे बहुतेक लोकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत असे. १२५ ग्रॅम म्हणजे आपल्याकडची नागलीची जेमतेम एक भाकरी, तीही भुसा मिसळलेली. लाखो माणसं उपासमारीने मेली. अण्णाभाऊ गेले तेव्हा या गोष्टीला वीस वर्षं होत होती. त्या शहरात पाव टाकून देणं हे पाप मानतात. भूक माहीत असलेला पाहुणा आणि भूक माहीत असलेलं शहर यांना एकमेकांची ओळख पटायला दुभाषा लागत नाही. ज्या जव्हार तालुक्यात १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीची बालकं कुपोषणाने गेली, तिथे उभं राहून मी हे बोलतोय. तुम्हाला ते समजेल.

काय दिसलं नाही?

आता दुसरी बाजू. अण्णाभाऊ परतल्यानंतर काही महिन्यांतच, जून १९६२ मध्ये, स्टालिनग्राडच्या नैऋत्येला असलेल्या नोव्होचेर्कास्क शहरात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातले कामगार रस्त्यावर आले. मांस आणि लोणी यांचे भाव सरकारने एका रात्रीत २५ ते ३० टक्क्यांनी वाढवले होते, आणि त्याच सुमारास कारखान्यात कामाचे दरही कमी केले होते. मोर्च्यात लाल झेंडे होते, लेनिनचं चित्र होतं. त्यांच्यावर गोळीबार झाला. २६ माणसं मेली. नंतर खटले चालवून सात जणांना मृत्युदंड दिला. मृतदेह गुपचूप दूरच्या स्मशानांत पुरले, आणि जवळपास पंचवीस वर्षं त्या घटनेवर उघडपणे एक ओळ छापली गेली नाही.

लाल बावट्याखालच्या कामगारांवर लाल बावट्याच्या सरकारने गोळ्या झाडल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत गोळीबार झाला तेव्हा अण्णाभाऊंच्या शाहिरीने तो गावोगावी पोचवला. नोव्होचेर्कास्कला शाहीर मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट, आपल्याला जवळची. १९३२ मध्ये तिथे अंतर्गत पासपोर्ट आणि रहिवासाची नोंद सुरू झाली. शहरात राहायचं तर कागदावर शिक्का हवा. सामूहिक शेतावरच्या बहुसंख्य शेतकऱ्यांना हा पासपोर्टच मिळत नव्हता. तो सरसकट द्यायचा निर्णय १९७४ मध्ये झाला. म्हणजे वाटेगावचा पोरगा उपाशीपोटी का होईना, चालत मुंबईला येऊ शकला. कुणाची परवानगी लागली नाही. रशियन खेड्यातल्या पोराला सैन्यभरती, शिक्षण किंवा कारखान्याची अधिकृत भरती, यांपैकी काहीतरी दार शोधावं लागायचं. अण्णाभाऊंना शहरात फूटपाथवर झोपलेला माणूस दिसला नसेल, तर त्यामागे नवी घरं हे एक कारण होतं. खेड्यातल्या माणसाला शहरात येऊ न देणारा शिक्का हेही एक कारण होतं. पाहुण्याला घर दिसतं, शिक्का दिसत नाही.

मग निष्कर्ष काय? माझ्या मते ‘माझा रशियाचा प्रवास’ हे मुंबईविषयीचं साक्षीपुरावा असलेलं पुस्तक आहे. तिथे जे पाहून अण्णाभाऊंचा जीव हरखतो, ते सगळं इथे त्यांना नाकारलेलं होतं. घर, मान, लेखक म्हणून जागा. त्यांच्या कौतुकाची यादी करा, चिरागनगरात काय नव्हतं त्याची यादी तयार होते. १८ जुलै १९६९ ला ते गेले, वयाच्या ४९ व्या वर्षी, गरिबीतच. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. पुतळ्याला मॉस्कोत जागा मिळाली याचा आनंद आहेच. पण रशियाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून फक्त तेवढंच पुस्तक पुरत नाही, हेही म्हटलं पाहिजे. तो पुरावा तिथे जगलेल्यांकडून यावा लागतो.

आज जगायला गेलेले

आणि तशी माणसं आज आहेत. १९६० मध्ये मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून भारतीय विद्यार्थी शिष्यवृत्तीवर जात होते. १९९१ नंतर चित्र पालटलं. आता मुलं फी भरून जातात, बहुतेक वैद्यकीय शिक्षणाला. महाराष्ट्रातलीही पुष्कळ. गंमत म्हणजे निकितीन ज्या त्वेरहून निघाला, तिथल्या वैद्यकीय विद्यापीठातही भारतीय मुलं आहेत. व्होल्गेच्या काठावर निकितीनचा पुतळा आहे, त्याच्या समोरून ती कॉलेजला जात असतील.

ही मुलं पाहुणी नाहीत. सहा वर्षं तिथे काढतात. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात डाळ-भात शिजवतात, म्हणजे कम्युनाल्का त्यांनाही थोडी भेटते. शिक्षण इंग्रजीत असलं तरी वॉर्डातली आजीबाई रशियनच बोलते. पोटात कुठे दुखतंय हे तिच्या भाषेत विचारता आलं नाही तर डॉक्टर होणार कसं? मार्च २०२२ मध्ये व्हिसा-मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं, तेव्हा घरून पैसे पोचवायचे कसे हा प्रश्न उभा राहिला. परत आल्यावर इथली परीक्षा आहेच.

पण आपल्या वर्तमानपत्रांत त्यांचं शहर दोनदाच येतं. एकदा प्रवेशाच्या जाहिरातीत, आणि एकदा दुर्घटनेच्या बातमीत. जून २०२४ मध्ये वोल्खोव्ह नदीत जळगाव जिल्ह्यातली आपली मुलं बुडाली तेव्हा महाराष्ट्राला वेलिकी नोव्हगोरोद हे नाव कळलं. त्या दोन बातम्यांच्या मधली सहा वर्षं कुणी लिहीत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, मग अण्णाभाऊंना खोटं दाखवलं असं म्हणायचं का?*

नाही. त्यांना अर्धं दाखवलं. घरं खरी होती, पाव खरा होता. झाकलेला होता तो शिक्का आणि ती बंदूक. यजमान कुठलाही असो, तो अर्धंच दाखवतो. मंत्री आपल्याकडे येतात तेव्हा कुठला रस्ता आधी डांबरी होतो, हे मी सांगायला नको.

*प्रश्न : माझी बहीण पुढच्या वर्षी रशियाला शिकायला जायचं म्हणतेय. तिने यातलं काय वाचावं?*

निकितीन वाचावा आणि अण्णाभाऊ वाचावेत. निकितीनकडून शिकावं की भाव, पाऊस, भीती, सणाची आठवण, सगळं लिहायचं. अण्णाभाऊंकडून शिकावं की आपण कुठून आलो हे विसरून लिहायचं नाही. मोखाड्याच्या पाड्यावरून गेलेली मुलगी रशियन शहरात भाजी काय भावाने घेते, दवाखान्यात गरिबाशी कसं बोलतात, परक्या रंगाच्या माणसाकडे बसमध्ये कसं बघतात, हे तिलाच दिसेल. तिला म्हणावं, पहिल्या दिवसापासून वही ठेव. आणि मराठीत लिही.